गाळून उरलेले संगीत : ‘टॉक टॉक’ची ‘स्पिरिट ऑफ ईडन’

लोकप्रियता हे कलावंताला मिळणारे पारितोषिक होय, असे आपण सहज बोलून जातो. परंतु पुष्कळदा ते पारितोषिक नसून वेतन असते, आणि वेतन म्हटले की त्याच्या मागोमाग चाकरी ही आलीच. एखादे पद लोकांच्या ओठी बसले म्हणजे लोक त्या गायकापाशी नवे पद मागत नाहीत. तेच पद पुन्हा, किंवा फार तर निराळ्या शब्दांत, मागतात. ‘वन्समोअर’च्या टाळ्यांनी नाटकाचा ओघ अडवून धरणाऱ्या आपल्या संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकाला ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. ज्याला ‘वन्समोअर’ मिळत नाही त्याचे दुःख सर्वांना दिसते. ज्याला तो मिळतो त्याचे बंधन फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. हे बंधन ओळखून ते तोडणारा कलावंत विरळा. आणि ते तोडल्यावर हाती आलेल्या मोकळेपणाचे खरोखर काही करून दाखविणारा तर त्याहूनही विरळा. इंग्लंडातील ‘टॉक टॉक’ या बँडने १९८८ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेली ‘स्पिरिट ऑफ ईडन’ ही ध्वनिमुद्रिका या दुसऱ्या कोटीतील कृती आहे, असे आमचे मत आहे. हे मत मांडताना तिच्यावर घेण्यासारखे आक्षेप टाळावयाचे नाहीत, असा प्रस्तुत लेखाचा संकल्प आहे.

प्रथम या मंडळींचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कारण कोणत्याही त्यागाची किंमत, काय टाकले यावरूनच ठरते. बँडचा गायक व प्रमुख गीतकार मार्क हॉलिस याचा जन्म १९५५ चा. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, पंक संगीताच्या धुमाळीत, तो ‘द रिॲक्शन’ नावाच्या एका बँडमध्ये गात असे. १९८१ मध्ये लंडन येथे ‘टॉक टॉक’ची स्थापना झाली, ड्रमवादक ली हॅरिस व बास गिटार वाजविणारा पॉल वेब हे त्याचे सोबती. ‘द पार्टीज ओव्हर’ (१९८२) ही त्यांची पहिली मुद्रिका त्या काळच्या रिवाजास अनुसरून सिंथेसायझरच्या चकचकीत नादांनी भरलेली होती. १९८४ च्या ‘इट्स माय लाइफ’पासून टिम फ्रीज-ग्रीन हा निर्माता त्यांस लाभला, आणि पुढे तो हॉलिसचा रचनेतील भागीदारच बनला. त्या मुद्रिकेचे शीर्षकगीत असे टिकाऊ निघाले की, २००३ मध्ये ‘नो डाउट’ या अमेरिकन बँडने ते नव्याने गाऊन पुन्हा एका पिढीच्या तोंडी बसविले. १९८६ च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ या तिसऱ्या मुद्रिकेत सिंथेसायझर मागे सरला आणि पियानो, ऑर्गन, गिटार ही हाताबोटांनी बोलणारी वाद्ये पुढे आली. हॉलिसचे म्हणणे असे होते की, आरंभी यंत्रनादांचा आश्रय त्याने आवडीने केलाच नव्हता. खऱ्या वादकांची बिदागी परवडत नव्हती, म्हणून केला. ही तिसरी मुद्रिका इंग्लंडातील विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढली. साहजिकच चौथ्या मुद्रिकेसाठी वेळ व पैसा हाताशी आला. अशा वेळी पुढे काय व्हावे, हे कोणत्याही व्यवहारी माणसाने डोळे मिटून सांगितले असते. ते झाले नाही.

उत्तर लंडनमधील वेसेक्स स्टुडिओ ही वास्तू मूळची एका चर्चच्या सभागृहाची. ‘द क्लॅश’ या बँडची ‘लंडन कॉलिंग’ ही सुप्रसिद्ध मुद्रिका १९७९ मध्ये याच भिंतींच्या आत तयार झाली होती. त्याच ठिकाणी १९८७ व १९८८ या साली, फिल ब्राउन या ध्वनिमुद्रकास हाताशी धरून, हॉलिस व फ्रीज-ग्रीन यांनी सुमारे वर्षभर मुक्काम ठोकला. खोलीत अंधार केलेला. भिंतींवर तेलात तरंगणाऱ्या रंगांच्या हलत्या आकृती टाकणारा एक दीप आणि उघडझाप करणारा दुसरा, एवढाच काय तो उजेड. बाहेरून बोलाविलेल्या वादकास या अंधारात बसवून मुद्रित संगीताचा काही भाग ऐकविण्यात येई, आणि त्यावर त्याला सुचेल ते वाजवू द्यावे असा प्रघात होता. वादक साधेसुधे नव्हते. डबल बासवर डॅनी थॉम्प्सन, ट्रंपेटवर हेन्री लोथर, हार्मोनिकावर मार्क फेल्टहॅम; आणि ज्याच्या विवाल्डी-वादनाचा पुढल्याच वर्षी सर्वत्र डंका वाजावयाचा होता, तो नायजेल केनेडी व्हायोलिनवर. क्लॅरिओनेट, ओबो, बसून ही सुषिर वाद्ये होती. चेम्सफर्डच्या कॅथीड्रलमधील गायकवृंद होता. इतकेच नव्हे, तर ह्यू डेव्हिस या प्रयोगशील संगीतकाराचे ‘शोझिग’ हे वाद्यही होते. विश्वकोशाच्या ज्या खंडाच्या पाठीवर ‘शो’पासून ‘झिग’पर्यंत अशी अक्षरे होती, त्याच्या पुठ्ठ्यांच्या आत हे वाद्य प्रथम बसविले गेले, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले.

एवढा सरंजाम जमवून हॉलिसने केले काय? बहुतेक सारे टाकून दिले. तासन्‌तास वाजविलेल्या वादनातून कुठे चार स्वर, कुठे एखादी मींड, कुठे धनुष्य तारेवर टेकण्याचा नुसता खरखराट, एवढेच ठेवून बाकीचे पुसून टाकावयाचे, आणि राहिलेले तुकडे जेथे शोभतील तेथे नेऊन बसवावयाचे, अशी त्याची रीत होती. केनेडीसारख्याचे व्हायोलिन या मुद्रिकेत अक्षरशः शोधून काढावे लागते. दागिने घडविण्यासाठी सोने आणावे आणि शेवटी मुशीच्या तळाशी राहिलेला कणच तेवढा गळ्यात घालावा, तसा हा प्रकार. जोपर्यंत हातात पैसा नव्हता, तोपर्यंत या माणसाने यंत्राच्या साहाय्याने श्रीमंतीचे सोंग आणले. आणि श्रीमंती आल्यावर तिच्या बळावर दारिद्र्याचे व्रत घेतले! मुद्रिकेतील शेवटच्या गीताचे नाव ‘वेल्थ’, म्हणजे संपत्ती, असे आहे, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. सुमारे एकेचाळीस मिनिटांच्या या मुद्रिकेत सहा रचना आहेत. पैकी ‘द रेनबो’, ‘ईडन’ व ‘डिझायर’ या पहिल्या तीन, तबकडीच्या एका अंगावर, एकीतून दुसरी उगवावी तशा सलग येतात. पहिली दोनएक मिनिटे गीताचा पत्ताच नसतो. दूरवरून ट्रंपेटचा एक कोंडलेला सूर येतो. तंतुवाद्यांची बारीक रेघ उमटते आणि विरते. कुठे काही करकरते, कुठे काही हलते. रात्री अनोळखी घरात जाग यावी आणि कोणता आवाज दाराचा, कोणता झाडाचा, हे उमगू नये, तशी श्रोत्याची स्थिती होते. मग गिटारचा एक संथ, अमेरिकन निग्रोंच्या ब्लूज गायनाची आठवण देणारा बोल पडतो, ड्रमचा ठेका सावकाश पावले टाकू लागतो, आणि कान सावरतो. मध्येच हार्मोनिका एखाद्या जखमी जनावरासारखी ओरडून उठते. ती हार्मोनिका आहे हेही प्रथम ओळखू येत नाही. ‘ईडन’मध्ये हाच शांतपणा हळूहळू चढत जातो. ‘डिझायर’मध्ये ऑर्गनच्या निपचित पडलेल्या स्वरांतून अकस्मात ड्रम आणि गिटार यांचा असा लोळ उठतो की, दचकावयास होते, आणि तो शमला की मागील शांतता पूर्वीची राहिलेली नसते.

दुसऱ्या अंगावरील ‘इनहेरिटन्स’मध्ये सुषिर वाद्यांचा एक छोटासा मेळा मधेच येऊन उभा राहतो व निघून जातो, गीताशी त्याचे नाते काय, हे सांगता येत नाही, पण तो काढून टाकला तर गीत पोरके होईल असे वाटते. ‘आय बिलीव्ह इन यू’ या रचनेविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहावयाचे आहे. ‘वेल्थ’ ही अखेरची रचना म्हणजे जवळजवळ प्रार्थनाच आहे. तिच्यात ताल निवालेला, वाद्ये दोनचारच, आणि गायकाच्या मुखी, ईश्वरार्पण म्हणून आपले स्वातंत्र्यच देऊ करणारी भाषा. शेवटी ऑर्गनचे स्वर, देवळातील समई कोणी न विझविता आपण होऊन मंदावत जावी तसे, मावळत जातात. मुद्रिकेच्या वेष्टनावर जेम्स मार्श या चित्रकाराने काढलेला एक वृक्ष आहे. त्याच्या फांद्यांवर फळांऐवजी शंखशिंपले आणि पाखरे आहेत. समुद्रातले झाडावर आलेले. तरी पाहणाऱ्यास त्यात विक्षिप्तपणा वाटत नाही. संगीताचीही जात तीच आहे.

या मुद्रिकेची सर्वांत मोठी सामग्री म्हणजे तिच्यातील मौन. हॉलिसला डेब्युसी व सती यांसारखे फ्रेंच रचनाकार, तसेच माइल्स डेव्हिस व गिल इव्हान्स यांची ‘स्केचेस ऑफ स्पेन’ (१९६०) ही मुद्रिका प्रिय होती. आणि स्वरापेक्षा नीरवता अधिक मोलाची, ती मोडावयाची तर तसेच कारण हवे, या अर्थाचे तो वारंवार बोलत असे. आलापीत वाढलेल्या आपल्या कानाला यात नवल वाटू नये. एका स्वरावर स्थिर होऊन, त्याचा सारा अवकाश भरून आल्यावाचून पुढच्या स्वराला हात न घालण्याची शिस्त किराणा घराण्याच्या गायकीने आपणांस शिकविली आहेच. पण साम्य दिसले म्हणून तेथेच थांबणे हे रसिकतेचे काम नव्हे. खरे शिक्षण भेदात असते. आपल्या गवयाचे मौन हे तंबोऱ्याच्या कुशीतले मौन आहे. गवई थांबला तरी षड्ज थांबत नाही. मुलाने डोळे मिटले तरी आईचा हात अंगावर असावा, तसा तो असतो. ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये असा अखंड आधारस्वर नाही. क्वचित ऑर्गनचा एखादा लांब सूर तो भास निर्माण करतो. पण तोही केव्हा काढून घेतला जाईल याचा भरवसा नाही. म्हणून येथील शांततेत विसावा थोडा आणि अपेक्षा फार. पुढचा स्वर येईल की नाही, ही शंका येथे प्रत्येक विरामाच्या पोटी आहे. आणि श्रद्धा हा ज्या मुद्रिकेचा विषय, तिला हीच शांतता अनुरूप आहे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (मृत्यू १९३७) जुन्या तबकड्या आपण आजही भक्तिभावाने ऐकतो. त्या तीनेक मिनिटांच्या. मैफल तासांची, तबकडी मिनिटांची; तेव्हा तबकडी ही मैफलीची केवळ वार्ता होती. गाणे अन्यत्र घडले, त्याची ही खूण, असेच ऐकणारा समजून असे. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ ही कोणत्याही मैफलीची वार्ता नव्हे. कारण अशी मैफल कधी झालीच नाही. तिच्यात शेजारी शेजारी ऐकू येणारे वादक पुष्कळदा एकमेकांसमोर बसलेलेही नव्हते. मुद्रिका निघाल्यावर हॉलिसने ती रंगमंचावर वाजविण्याचे नाकारले. जे क्षणात सुचले ते पुन्हा शिकून वाजविणे म्हणजे त्याची नक्कल करणे, असे त्यास वाटे. आणि १९८६ नंतर हा बँड दौऱ्यावर गेला नाही तो नाहीच. म्हणजे येथे ध्वनिमुद्रिका हीच मूळ कृती आहे. तिच्या मागे दुसरे काही नाही.

यावरूनच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. जे संगीत उत्स्फूर्त वाटते ते तुकडे जोडून केलेले असेल, तर ती उत्स्फूर्तता लटकी नव्हे काय? सहवादनाचा जो आनंद आपण घेतो, तो आनंद देणारे सहवादन घडलेच नसेल, तर श्रोत्याची फसगत झाली असे का म्हणू नये? आमच्या मते या आक्षेपाचे उत्तर ‘उत्स्फूर्त’ या शब्दाच्या अर्थात आहे. मूळ तुकडा वाजविणाऱ्याचा हात खराच अनपेक्षितपणे वळलेला असतो. तो खरेपणा जोडकामाने नाहीसा होत नाही. माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ (१९६९) या मुद्रिकेतही टिओ मासेरो या निर्मात्याने फीत कापून व जोडूनच अंतिम आकार साधला. म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. चित्रपटातील दोन पात्रे निरनिराळ्या दिवशी छायाचित्रित झाली असली, तरी पडद्यावरील त्यांची भेट खरी की खोटी, हे दिवस मोजून ठरत नाही. त्या भेटीने आपणांस काय दिले यावरून ठरते. जोडकाम वाईट नव्हे. सांधा लपविण्यासाठी केलेली रंगसफेदी वाईट. या मुद्रिकेत ती नाही. उलट, करकर, श्वास, वाद्याला लागलेला धक्का हे सारे, एरवी धुऊन टाकले जाणारे, येथे मुद्दाम राखले आहे. हॉलिसने चुका ठेवल्या आणि कौशल्य गाळले. फसविणारा माणूस याच्या उलट करतो.

दुसरा आक्षेप शब्दांविषयीचा. हॉलिस शब्द गिळून गातो. कागद हाती घेतल्यावाचून काही ओळी कळतच नाहीत. ज्या गीतांत नीती, पश्चात्ताप आणि श्रद्धा यांसारखे गंभीर विषय आहेत, त्यांचे शब्द अस्फुट असणे हा दोषच होय, असे म्हणणाऱ्याशी आम्ही वाद घालणार नाही. पहिल्या श्रवणात तो दोष जाणवतो, आणि ‘डिझायर’मधील कल्लोळात तर शब्द वाहूनच जातात. परंतु एवढे सांगावेसे वाटते की, हा माणूस सांगत नाही, कबुली देतो. आणि कबुली देणाऱ्याचा आवाज व्याख्यात्याइतका स्वच्छ कधीच नसतो. हे समर्थन नव्हे, कारण आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारातला असून त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. परक्याच्या पैशावर मौनव्रत पाळण्यात मोठेपणा कोणता? ज्या गाण्यांना हॉलिस कंटाळला, त्याच गाण्यांच्या विक्रीने या अंधाऱ्या खोलीचे भाडे भरले, हे सत्य आहे. कंपनीने मुद्रिका छापली, विकली. ती विक्रीच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि उतरली. हौशी ग्राहकाला त्यात गुणगुणण्याजोगे काही सापडले नाही. यात कंपनीला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. समीक्षकांनी ते पुष्कळदा केलेही. परंतु व्यापाऱ्याने व्यापार पाहिला यात अघटित काय? या प्रकरणातून शिकावयाचे ते निराळेच. पैशाने कलावंताला विकत घेता येते, तसेच पैशाने कलावंताला वेळही विकत घेता येतो. आणि पैसा हाती आल्यावर या दोहोंपैकी कोणता सौदा करावयाचा, हे ठरविण्याचा क्षण फार थोडा काळ टिकतो. हॉलिसने तो क्षण वाया दवडला नाही. त्याचा मोठेपणा असलाच तर एवढाच. पण हा एवढा मोठेपणाही किती जणांच्या वाट्याला आला आहे?

आता ‘आय बिलीव्ह इन यू’ या रचनेविषयी. आमच्या मते ती या मुद्रिकेचे हृदय आहे. विषय हेरॉइनच्या व्यसनाचा. हॉलिसचा थोरला भाऊ एड हा पंककाळातील बँडचा व्यवस्थापक होता. त्याला हे व्यसन जडलेले होते, आणि मुद्रिका निघाल्यानंतर, १९८९ मध्ये, तो निवर्तला. हे गीत भावावरच लिहिले आहे असे म्हणण्यास हॉलिस तयार नव्हता. त्याने अनेकांची अशी दुर्दशा पाहिली होती, एवढेच तो सांगे. आपणही त्याच्या शब्दापलीकडे जाऊ नये. पण गीत ऐकताना एक गोष्ट मनात ठसते. व्यसनावरील गीतांत दोन मोह हटकून येतात : एक उपदेशाचा, दुसरा त्या नाशाला काव्यमय करण्याचा. हे गीत दोन्ही टाळते. ड्रमचा एकच साधा ठेका, न चढता न उतरता, चालू राहतो. त्यावर ऑर्गन आणि आवाज. आणि जेथे क्रोधाचा किंवा विलापाचा उद्रेक अपेक्षित, तेथे गायकवृंदाचे स्वर उगवतात. ते सांत्वन करीत नाहीत, दोष देत नाहीत; नुसते वर जातात. ज्याला वाचविणे आपल्या हाती नाही, अशा माणसाच्या उशाशी बसणाऱ्याची जी अवस्था असते, तिला याहून प्रामाणिक स्वर मिळाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. उच्छृंखल ‘डिझायर’नंतर थोड्याच वेळाने हे गीत यावे, हा क्रमही निरर्थक नाही. आणि दैवाची थट्टा अशी की, हेच गीत कापून, आखूड करून, सुटे गीत म्हणून बाजारात आणले गेले व त्यासाठी चित्रफीतही काढण्यात आली. त्या तडजोडीचा हॉलिसला पुढे पश्चात्ताप झाला. जे मौनावर उभे आहे त्याला आखूड करताना प्रथम मौनच कापले जाते. मग उरते ते काय?

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. कराराची मुदत वाढविण्याचा कंपनीचा हक्क शाबूत आहे की नाही, यावर उभय पक्ष न्यायालयात गेले. खालचा निकाल कंपनीच्या बाजूने झाला, अपिलात तो फिरला आणि बँड मोकळा झाला. १९९१ मध्ये ‘लाफिंग स्टॉक’ ही अखेरची मुद्रिका दुसऱ्या कंपनीकडून निघाली. तिच्यात पॉल वेब नव्हता, आणि स्पिरिटचीच वाट आणखी निर्जन प्रदेशात नेलेली होती. त्याच वर्षी जुन्या कंपनीने हॉलिसच्या संमतीवाचून त्याची जुनी गीते नव्या ठेक्यांवर चढवून एक संग्रह काढला. हॉलिसने फिर्याद केली, आणि शिल्लक प्रती नष्ट करण्यात आल्या. १९९८ मध्ये स्वतःच्या नावाची एक नितांत हळू मुद्रिका त्याने काढली आणि मग संगीतातून तो जवळजवळ अंग काढूनच बसला. कुटुंबात राहिला; मुलाखती नाहीत, पुनरागमन नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत, चौसष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले, तेव्हा एक पिढी त्याची गीते न ऐकताच त्याच्या मौनाविषयी आदराने बोलत होती.

या मुद्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व सांगताना ‘पोस्ट-रॉक’ या संप्रदायाचे नाव घेतले जाते. सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने १९९४ मध्ये ‘बार्क सायकॉसिस’ या बँडच्या ‘हेक्स’ या मुद्रिकेचे परीक्षण करताना हा शब्द रूढ केला, आणि तो बँड ‘टॉक टॉक’चा उघड ऋणी होता. पुढे या संप्रदायात अनेक बँड झाले. गिटार व ड्रम ही रॉकचीच वाद्ये, पण ती गीताच्या चौकटीसाठी न वापरता रंग व अवकाश यांच्यासाठी वापरावयाची, हे त्यांचे सूत्र; आणि ते ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये सिद्ध झालेले आहे यात शंका नाही. तथापि संप्रदायप्रवर्तक म्हणून तिला गौरविणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. किंबहुना त्या गौरवात तिच्यावर थोडा अन्यायच होतो. अनुकरण करणाऱ्यांनी तिच्यातून जे उचलले ते बहुधा बाह्यरूप होते : प्रथम पुष्कळ वेळ शांत वाजवावे, मग एकदम कल्लोळ करावा, पुन्हा शांत व्हावे. ‘डिझायर’मध्ये एकदा घडलेली घटना ही त्यांची रूढी झाली. शांततेचाही साचा होऊ शकतो, आणि तो गोंगाटाच्या साच्यापेक्षा अधिक फसवा असतो. कारण गंभीर दिसणे हे गंभीर असण्यापेक्षा स्वस्त आहे. हॉलिसपासून घ्यावयाचे होते ते निराळेच. उत्तम वादकाने उत्तम वाजविलेले, आपणांस आवडलेलेही, या रचनेत बसत नाही म्हणून पुसून टाकण्याची छाती घ्यावयाची होती. ही गोष्ट अनुकरणाने येत नाही. ती प्रत्येकाला आपापल्या नुकसानीतूनच कमवावी लागते.

आज ध्वनिमुद्रणाची साधने कोणाच्याही खिशात आली आहेत. वाजविलेले काहीच पुसावे लागत नाही, सारे काही साठविता येते. अशा काळात या मुद्रिकेचा धडा अधिक ताजा झाला आहे. विपुलता हे आता अडचणीचे नाव आहे. निवड हेच कलेचे दुसरे नाव. आणि निवड म्हणजे काय ठेवले हे नव्हे, तर काय जाऊ दिले हे होय, ही गोष्ट ‘स्पिरिट ऑफ ईडन’इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी कृती रॉक संगीतात आम्हांस ठाऊक नाही.

शेवटी वाचकास एकच विनंती. ही मुद्रिका ऐकावयाची तर कामे उरकताना ऐकू नये; रात्री, दिवा मालवून, पहिल्या अंगावरील तीनही रचना मध्ये न थांबता ऐकाव्या. आरंभीच्या दोन मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटेल. तेव्हा उठू नये. एका माणसाने जे पुष्कळसे आपल्यापासून दूर ठेवले, त्याची जागा त्या दोन मिनिटांत मोकळी ठेवलेली आहे. आणि ती जागा भरण्याचे काम त्याने श्रोत्याकडे विश्वासाने सोपविले आहे. हा विश्वास टाकण्याची हिंमत बाजारात फार थोड्यांना होते. त्याला पात्र ठरणे, एवढे तरी आपणांस करता येण्यासारखे आहे.